परवडणारी घरं बांधताना अपंग रहिवाशांचा विचार नकाशातच कसा करावा?

ऊनसावली

आम्ही काही कुटुंबं मिळून गृहनिर्माण संस्था उभी करतोय. जमीन ताब्यात आली आहे, नकाशे अजून कच्चे आहेत. बेताच्या मिळकतीत परवडतील अशी घरं हा पहिल्यापासूनचा हेतू. सभासदांत व्हीलचेअर वापरणारी एक मैत्रीण आहे, एक अंध दांपत्य आहे, आणि एका घरी बौद्धिक अपंगत्व असलेला तरुण मुलगा आहे.

मागच्या बैठकीत असं सुचवलं गेलं की तळमजल्यावरची दोन घरं 'अपंगांसाठी' म्हणून वेगळी काढावीत आणि बाकीची इमारत नेहमीसारखी बांधावी. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते काही केल्या पटत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा जणांत एक. इमारत उभी राहिली की दोन-तीन पिढ्या तिथे नांदणार. आज धडधाकट असलेल्यांपैकी किती जणांचे गुडघे, डोळे, कान तोवर साथ देतील? तेव्हा ती दोन घरं कुणाकुणाला पुरणार? आणि त्या दोन घरांतल्या माणसांनी वरच्या मजल्यावर कुणाकडे जायचंच नाही का?

पण बैठकीत नुसतं 'पटत नाही' म्हणून चालत नाही. या मंचावरच्या जाणकारांनी मदत करावी. खर्च खरंच किती वाढतो? कुठल्या गोष्टी आत्ताच ठरवाव्या लागतात आणि कुठल्या नंतर झाल्या तरी चालतात? ज्यांना रोजच्या जगण्यात मदतनीस लागतो त्यांचं काय? आणि पहिले मालक घर विकून गेले की 'परवडणारं' हे विशेषण कसं टिकवायचं?

विटामाती

ताई, तुमची शंका रास्त आहे आणि अगदी योग्य वेळी आली आहे. मी आर्किटेक्ट आहे, या विषयात बरीच वर्षं काम करतो.

आधी खर्चाचं. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी २०११ साली अपंगत्वावर मिळून एक मोठा अहवाल काढला. नवीन बांधकामात सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही सहज वावरता यावं यासाठीचे, सगळे निकष पाळायला साधारण एकूण खर्चाच्या १ टक्का पुरतो, असं त्यात म्हटलंय. हीच कामं झालेल्या इमारतीत करायला गेलात तर तोडफोड, प्लंबिंग, रहिवाशांना तात्पुरतं हलवणं, हे सगळं अंगावर येतं. म्हणून नकाशावर पेन्सिल चालतेय तोवरच भांडून घ्या.

आता काँक्रीटमध्ये कायमचं अडकून बसतं ते काय?

पहिलं, जोत्याची उंची. समजा जोतं रस्त्यापासून ४५० मिमी वर आहे, म्हणजे तीनच पायऱ्या. रॅम्पचा उतार १:१२ (१ उंचीला १२ लांबी) हून तीव्र नसावा हा सर्वमान्य दंडक. म्हणजे ५.४ मीटर लांब रॅम्प, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. लहान प्लॉटवर ही जागा मागाहून सापडत नाही. मग कुणीतरी दोन मीटरचा घसरगुंडीसारखा उतार ओततं आणि त्याला रॅम्प म्हणतं. त्यावरून एकट्याने व्हीलचेअर चढवणं अशक्य आणि उतरवणं धोक्याचं. त्यापेक्षा जमिनीची पातळीच अशी भरून घ्या की फाटकापासून लिफ्टपर्यंत सावकाश चढ येईल आणि पायरी लागणारच नाही. पावसाचं पाणी आत येईल ही भीती सगळे घालतात. दारासमोर जाळीचं गटार आणि बाहेरच्या बाजूला हलका ढाळ दिला की ते निभतं.

दुसरं, बाथरूमचा स्लॅब. सगळ्या घरांत बाथरूमची लादी खोलीच्या लादीला समपातळीत हवी असेल तर तिथला स्लॅब पुरेसा खाली घ्यावा लागतो. हे ठरतं स्लॅब पडायच्या आधी. नंतर उंबरा काढायचा म्हटलं तर ढाळाला जागाच उरत नाही.

तिसरं, खांब आणि भिंती. कमोडशेजारी आधाराची दांडी आज बसवू नका हवं तर, पण तिथली भिंत दांडी पेलेल अशी बांधा. अमेरिकेच्या मानकात दांडीने सुमारे ११३ किलोचा भार सहन करावा असं आहे. पोकळ पार्टिशनमध्ये ठोकलेली दांडी नेमकी माणूस लटकला की हातात येते. संडास आणि न्हाणीच्या मधली भिंत भार न घेणारी ठेवा, म्हणजे कुणाला गरज पडली तर ती काढून एक प्रशस्त जागा होईल.

चौथं, लिफ्ट. पाळणा, म्हणजे आपण आत उभे राहतो ती पेटी, आतून किमान ११०० बाय १४०० मिमी हवा. खड्डा एकदा लहान झाला की तो जन्मभर लहानच.

बाकी स्विचची उंची, नळाचे दांडे, दारांच्या मुठी, रंग यांचा खर्च जवळपास शून्य. फक्त गवंड्याला आणि इलेक्ट्रिशियनला वेळेवर सांगायला हवं.

एक जाता जाता सांगतो. ९०० मिमीची चौकट म्हणजे ९०० मिमीची वाट नव्हे. चौकटीची जाडी, बिजागऱ्या आणि पूर्ण न उघडणारी फळी धरून हाती ८०० उरतात. नकाशावर 'मोकळी रुंदी' असंच लिहून घ्या.

चाकोरीबाहेर

मी व्हीलचेअर वापरतो. ऊनसावली, तुमचा शेवटचा प्रश्न, वरच्या मजल्यावर कुणाकडे जायचंच नाही का, तो माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.

माझं स्वतःचं घर मी सोयीचं करून घेतलंय. पण माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मी आतून पाहिलेलं नाही. मी गेलो की सगळे खाली पार्किंगमध्ये येतात, खुर्च्या मांडतात, प्रेमाने गप्पा मारतात. भाची वरून तिची चित्रं आणून दाखवते. 'ही माझ्या खोलीत लावलीत' म्हणते. ती खोली मला फोटोत माहीत आहे.

अमेरिकेतल्या अटलांटात एलिनॉर स्मिथ या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईंनी १९८७ साली नेमक्या याच कारणासाठी चळवळ सुरू केली. नवीन बांधलेल्या प्रत्येक घरात तीनच गोष्टी त्यांनी मागितल्या: एक तरी प्रवेश पायरीशिवाय, आतल्या दारांची मोकळी वाट ३२ इंच म्हणजे सुमारे ८१० मिमी, आणि प्रवेशाच्या मजल्यावर व्हीलचेअर जाईल असं एक शौचालय. घर कुणाचंही असो, त्या घरी अपंग पाहुणा येऊ शकला पाहिजे, एवढंच. ॲरिझोनातल्या पिमा काउंटीने २००२ मध्ये हा नियम सर्व नव्या स्वतंत्र घरांना लागू केला. बांधकाम व्यावसायिक कोर्टात गेले आणि हरले.

दोन राखीव घरांनी मला छप्पर मिळेल, शेजार मिळणार नाही. बैठकीत हे वाक्य माझ्या नावाने खुशाल वाचून दाखवा.

स्पर्शरेषा

चाकोरीबाहेर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

रानवारा

मी लहान प्रकल्प बांधतो, ग्राहक सगळे काटकसरीचे. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी.

परवडणारं घर म्हणजे आकाराने लहान घर. तिथे इंचाइंचाची मारामारी असते. व्हीलचेअर पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते बाथरूममध्ये घ्या, स्वयंपाकघरात घ्या, झोपायच्या खोलीत घ्या, की एक खोली गेलीच म्हणून समजा. पाच जणांच्या कुटुंबाला तीच खोली हवी असते. प्रत्येक घरावर ही सक्ती केली तर घर मोठं होतं, हप्ता वाढतो आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तोच माणूस यादीतून गळतो. अपंग कुटुंबांची मिळकत बहुतेकदा इतरांहून कमी आणि औषधपाण्याचा खर्च जास्त, म्हणजे सगळ्यात आधी तेच गळणार. १ टक्क्याचा आकडा मोठ्या इमारतींना ठीक असेल. लहान घराला जागेची किंमत कोण मोजणार?

विटामाती

रानवारा, मुद्दा खरा आहे. लहान घरात जागा हाच खर्च. म्हणूनच जगात अनेक ठिकाणी एकच माप सगळ्यांना लावत नाहीत, पातळ्या ठेवतात.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तीन पातळ्या आहेत. सर्वांत खालची म्हणजे पाहुणा येऊ शकेल असं घर. हे तिथे नव्या घरांना १९९९ पासून बंधनकारक आहे. मधली म्हणजे सुगम आणि पुढे बदलता येईल असं घर. वरची म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्याला पूर्णवेळ राहता येईल असं घर. लंडनच्या शहर-आराखड्यात नव्या घरांपैकी किमान १० टक्के वरच्या पातळीची आणि बाकीची सगळी मधल्या पातळीची मागितली जातात. म्हणजे दीड मीटरचं वर्तुळ सगळीकडे नको, पण पुढे भिंत हलवून ते करता येईल अशी रचना सगळीकडे हवी.

अमेरिकेने १९८८ च्या दुरुस्तीत वेगळी वाट धरली. चार किंवा अधिक घरांच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सर्व घरं आणि नसेल तर तळमजल्यावरची सर्व घरं ठरावीक निकषांत बसलीच पाहिजेत. त्यात दांडीसाठी भिंती आधीच मजबूत करणं हा निकषही आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही २०२२ पासून घरांसाठी किमान सुगम्यता आली, मात्र सगळ्या राज्यांनी ती स्वीकारली नाही.

लहान घरात जागा काढायच्या युक्त्या आहेत. सरकतं दार घेतलं की दाराच्या फिरण्याची जागा वाचते. न्हाणीला उंबरा आणि काचेची चौकट नसेल तर न्हाणीची जागाच व्हीलचेअर वळवायला मिळते. ओट्याखाली एके ठिकाणी कपाट न करता मोकळं सोडलं तर पाय आत जातात आणि ओटा वळणाच्या जागेत धरता येतो. बोळ कमी करा. लहान घरात बोळासारखी वाया जाणारी जागा दुसरी नाही. व्हीलचेअरला त्यात अडचण होते आणि बाकीच्यांनाही त्याचा उपयोग नसतो.

रानवारा

बोळाचं पटलं. माझ्या हातातल्या नकाशातच दोन काढता येतील असे दिसतायत. बाथरूमच्या खाली घेतलेल्या (संकन) स्लॅबचंही करून बघतो. जागेचा प्रश्न पूर्ण सुटला असं मात्र नाही म्हणणार.

चाकोरीबाहेर

बाथरूमबद्दल एक राहिलं, आणि ते जिवाशी गाठ असलेलं आहे.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. पडलेला माणूस बहुतेकदा दाराला टेकूनच पडलेला असतो. दार आत उघडत असेल तर बाहेरच्याला ते ढकलताच येत नाही. जितकं ढकलाल तितकं आतल्याला लागतं. माझ्या ओळखीतल्या एका आजींना असंच दार बिजागऱ्यांतून उचकटून बाहेर काढावं लागलं. कडी अशी हवी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. आणि मदतीची दोरी किंवा बटण लादीपासून हाताच्या अंतरावर हवं. माणूस पडतो तो लादीवर. डोक्याच्या उंचीवरचं बटण तेव्हा त्याच्या कामाचं नसतं.

स्पर्शरेषा

मी अंध आहे. सुगम्यता म्हटलं की चर्चा रॅम्पवर सुरू होते आणि रॅम्पवरच संपते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लिफ्टमध्ये सपाट टच-पॅनेल बसवू नका, हात जोडून सांगते. दिसतं छान, पण चाचपडताना बोट लागेल तो प्रत्येक मजला दाबला जातो. उठावदार बटणं, त्यावर ब्रेल आणि मोठे उठावदार आकडे, आणि मजला बोलून सांगणारा आवाज एवढं हवं. तेच शेगडीचं. काचेसारख्या गुळगुळीत इंडक्शनवर बोटाला काहीच कळत नाही. फिरवायचं बटण असलेली शेगडी मी बिनधास्त वापरते. संस्था सगळ्यांसाठी एकत्र खरेदी करणार असेल तर हे आधी पाहा.

मोकळ्या जागेत, लिफ्टच्या वाटेवर, डोक्याच्या उंचीवर काही पुढे आलेलं नको. जिन्याच्या खालची तिरकी बाजू सगळ्यात वाईट. काठी जमिनीवर फिरते, तिला वाट मोकळी लागते आणि कपाळ स्लॅबवर आपटतं. तिथे खाली कट्टा किंवा कुंड्यांची रांग असली तरी पुरे, काठीला आधीच कळतं.

ज्यांना थोडं दिसतं त्यांची संख्या पूर्ण अंधांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाची पट्टी, भिंतीहून वेगळ्या रंगाचं दार, चकचकीत नसलेली लादी. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरा कमोड आणि पांढरी दांडी हे दिसतच नाही हो.

आणि सूचनाफलक! पाणी बंद, लिफ्ट बंद, बैठक अमुक वाजता, हे सगळं कागदावर. संस्थेचे सगळे निरोप फोनवर, वाचता येईल अशा मजकुरात येऊ द्या, कागदाचा फोटो नको.

मौनराग

मी बहिरा आहे. माझं घर मला न सांगता खूप काही करत असतं. बेल वाजते, कुकर वाजतो, नळ चालू राहतो, मला पत्ता नसतो. बेलला जोडलेला दिवा स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत हवा. वायर आधी टाकून ठेवली तर काम किरकोळ आहे.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात बहिऱ्या लोकांनी मिळून घरांच्या रचनेचा विचार केलाय, डेफस्पेस म्हणतात त्याला. बोलायला हात आणि डोळे लागतात, म्हणून दोन माणसं समोरासमोर वळून शेजारी चालू शकतील एवढी वाट रुंद. कोपरे बोथट, म्हणजे पलीकडून येणारा आधी दिसतो. उजेड पसरलेला, खिडकीसमोर माणसाचा चेहरा काळा पडू नये असा. स्वयंपाकघर बैठकीकडे उघडं, म्हणजे काम करता करता संवाद तुटत नाही. वाचून बघा, यातलं व्हीलचेअरवाल्याला न चालणारं एकही नाही.

अमेरिकेत सरकारी पैशाने बांधलेल्या प्रकल्पांत ५ टक्के घरं हालचालीचं अपंगत्व असलेल्यांसाठी आणि शिवाय २ टक्के घरं दृष्टी किंवा श्रवण अपंगत्व असलेल्यांसाठी सज्ज ठेवतात. निदान आमची मोजणी वेगळी होते तिथे.

ऊनसावली

मौनराग, आगीच्या भोंग्याचं काय करता?

मौनराग

झगमगणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती. दिवा एकटा पुरत नाही, झोपेत डोळे मिटलेले असतात.

दीपमाळ

आगीचा विषय निघालाच आहे तर. इमारतींच्या अग्निसुरक्षेत काम करते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. २४ मजली इमारत, सामाजिक गृहनिर्माणातली, म्हणजे कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांची. तिथे ३७ अपंग रहिवासी होते, त्यांतले १५ दगावले. कुणाला उतरायला मदत लागेल, तो कुठल्या मजल्यावर राहतो, त्याला कोण आणि कसं खाली आणणार, याची योजनाच नव्हती. चौकशी समितीने २०१९ मध्ये अशा प्रत्येक रहिवाशासाठी वैयक्तिक सुटका-योजना करायची शिफारस केली.

अपंगांना वरच्या मजल्यावर घर द्यायचंच नाही, असा सोपा अर्थ कृपा करून काढू नका. तळमजला द्यायचा की नाही हे त्या माणसाला विचारा. इमारतीत मात्र हे हवं: प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ आगीपासून सुरक्षित, व्हीलचेअर उभी राहील अशी जागा, तिथून बोलायची सोय, जिन्यावरून उतरवायची खुर्ची, आणि ती चालवायला शिकलेले शेजारी. खुर्ची विकत आणून कपाटात ठेवलेल्या इमारती मी पाहते. ती कशी उघडायची हे कुणालाच ठाऊक नसतं. जमलं तर एक लिफ्ट वेगळ्या वीजपुरवठ्यावर, अग्निशमन दलाला वापरता येईल अशी. यालाही खड्डा आणि वायरिंग आत्ताच ठरवावं लागेल.

अबोली

इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं होत होतं.

माझा मुलगा तिशीचा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे. त्याला रॅम्प लागत नाही. त्याला लागतं कुणीतरी आठवण करून देणारं, बाजारात सोबत येणारं, पैशाचा हिशेब तपासणारं. आम्हा दोघांना रात्री झोप लागत नाही ती एकाच प्रश्नाने, आमच्यामागे कोण? सगळे एकच उत्तर देतात: चांगलीशी संस्था बघून ठेवा. आम्ही पाहिल्या. एका ठिकाणी माणसं प्रेमळ होती. पण दिवे कधी मालवायचे, जेवायला काय, शेजारच्या पलंगावर कोण, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. माझ्या मुलाला स्वतःच्या किल्लीचा फार अभिमान आहे. गळ्यात दोरीला बांधलेली असते, आल्यागेल्याला दाखवतो. कुलूप उघडायला त्याला वेळ लागतो, मी पाठीमागे उभी राहते, हात लावू देत नाही. तिथे त्याला किल्ली नसती.

तुमच्या संस्थेत त्याच्यासारख्याला जागा असेल का, एवढंच विचारायचं होतं.

ऊनसावली

अबोलीताई, ज्या मुलाचा मी उल्लेख केला त्याचे आईवडील हेच विचारतात. जागा असलीच पाहिजे. ती कशी, हेच शिकायला हा धागा काढला.

चाकोरीबाहेर

ताई, तुमच्या मुलाची किल्ली हा त्याचा हक्क आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगत्व करारात कलम १९ आहे. कुठे राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे इतरांच्या बरोबरीने निवडण्याचा हक्क, विशिष्ट प्रकारच्या निवासात राहायची सक्ती नाही, आणि समाजात राहण्यासाठी लागणारी वैयक्तिक मदत मिळण्याची तरतूद, असं सगळं त्यात लिहिलंय.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना डॉक्टरांनी 'समाजात राहू शकतात' असं सांगूनही रुग्णालयातच ठेवलं होतं. त्यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये निकाल लागला की विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभावच आहे. लोइस कर्टिस नंतर स्वतःच्या घरी राहिल्या, चित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या.

तुमच्या संस्थेने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: घर आणि मदत यांचे करार वेगवेगळे. घर मुलाच्या नावावर किंवा भाडेकरारावर, मदतनीस दुसऱ्याच कुणाकडून. मदतनीस बदलला म्हणून घर सुटता कामा नये आणि घर बदललं म्हणून मदत थांबता कामा नये.

सोबती

थोडं वेगळं मत. माझा भाऊ चार मित्रांबरोबर एका घरात राहतो, सगळ्यांना बौद्धिक अपंगत्व, एक मदतनीस कायम सोबत. तो खूश आहे. स्वतंत्र घरात तो एकटा पडला असता. शिवाय पाच कुटुंबं मिळून रात्रीच्या मदतनीसाचा पगार देतो, एकट्याला ते झेपलंच नसतं. एकत्र राहणं म्हणजे कोंडणं, असा सूर इथे लागू नये ही विनंती.

अबोली

सोबती, भावाने मित्र स्वतः निवडले का?

सोबती

हो. शाळेपासूनचे आहेत. एक नंतर आला, त्याला आधी महिनाभर पाहुणा म्हणून ठेवून मग चौघांनी हो म्हटलं.

अबोली

मग तर छानच. मला भीती वाटते ती रिकामा पलंग भरण्याची.

विटामाती

नकाशात दोन्ही करता येतं. शेजारशेजारची दोन लहान घरं घ्या, मधल्या भिंतीत दाराएवढी जागा विटांनी बुजवून ठेवा, वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) आधीच टाका. गरज पडली की उघडा. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मदतनीस किंवा मित्र. गरज संपली की पुन्हा दोन घरं. आणि मोठ्या प्रकल्पात सगळी अपंग कुटुंबं एकाच विंगमध्ये कोंबू नका. अमेरिकेत अपंगांच्या घरांसाठी असलेल्या एका केंद्रीय कार्यक्रमात प्रकल्पातल्या २५ टक्क्यांहून जास्त घरं अपंगांसाठी राखून ठेवायला मनाई आहे, ती याचसाठी.

हिशेबनीस

सहकारी संस्थांचे हिशेब पाहतो. 'परवडणारं' टिकवायचं कसं, या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

पहिल्या खरेदीदाराला स्वस्तात घर द्यायचं आणि त्याने चार वर्षांनी बाजारभावाने विकायचं, तर त्या सवलतीचा फायदा एकाच कुटुंबाला. सुगम घरांचं हे जास्त दुखतं, कारण ती मुळात मोजकी असतात. एक उपाय म्हणजे जमीन सामूहिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) मालकीची ठेवायची आणि घरमालकाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा द्यायचा. जॉर्जियात १९६९ साली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी हक्काची जमीन राहावी म्हणून हे सुरू केलं. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ पासून घरांसाठी मोठ्या प्रमाणावर चाललंय. विकताना मालकाला त्याने भरलेले पैसे आणि वाढीचा ठरलेला हिस्सा मिळतो, उरलेली वाढ घरातच राहते आणि पुढच्याला घर परवडतं. करारात आणखी एक ओळ घाला: सुगम घर विकायला निघालं तर ठरावीक काळ आधी ते गरजू अपंग कुटुंबालाच देऊ करायचं.

दुसरं, भाड्याची घरं ठेवा. मालकी सगळ्यांना झेपत नाही. व्हिएन्नाचे जवळपास निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तिसरं, महिन्याचा खर्च. लिफ्टची देखभाल तळमजल्यावाल्यांनी का भरायची, हे भांडण प्रत्येक संस्थेत होतं. पहिल्याच उपविधीत लिहून टाका की लिफ्ट हा रस्त्यासारखा सगळ्यांचा खर्च. घरात बदल करायचे झाले तर त्यासाठी सगळ्यांच्या वर्गणीतून छोटा निधी ठेवा. आज एकाला दांडी लागेल, उद्या दुसऱ्याला.

आणि जमीन स्वस्त मिळते म्हणून गावाबाहेर गेलात, जिथे बस नाही, दवाखाना नाही, तर घराच्या हप्त्यात वाचलेलं सगळं प्रवासात जाईल. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याच्यासाठी ते घर तुरुंगासारखं होतं.

रानवारा

जमिनीच्या जागेबद्दल हिशेबनीसांशी शंभर टक्के सहमत. बांधकामात मारूनमुटकून वाचवलेले पैसे लांबच्या जागेत सहज उडून जातात.

ऊनसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. जमीन वस्तीतच आहे, बस समोर थांबते, एवढं तरी बरं झालं.

शेवटचा प्रश्न वाटपाचा. अर्ज जास्त आणि घरं कमी अशी वेळ येणार. सुगम घर कुणाला, हे कसं ठरवावं?

हिशेबनीस

राखीव टक्केवारी ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. भारताच्या २०१६ च्या कायद्यात सरकारी गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण आहे. आरक्षणाने घर हाती येतं. ते घर त्या माणसाला वापरता येईल का, हे वेगळं तपासावं लागतं. सोडतीत व्हीलचेअरवाल्याला पायऱ्यांचं घर आणि ज्याला गरज नाही त्याला रुंद दारांचं घर, असं होऊ शकतं. म्हणून घरांची यादी आणि माणसांची यादी दोन्ही तपशीलवार करा आणि सोडत काढण्याआधी जुळवा.

स्पर्शरेषा

अर्जात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्के विचारू नका, त्यावरून काहीच कळत नाही. विचारा की पायऱ्या चढता येतात का, रात्री मदतनीस राहतो का, अंथरुणातून उठायला किती जागा लागते, आवाजाचा त्रास होतो का, यंत्रासाठी अखंड वीज लागते का, कुठल्या शेजाऱ्याच्या जवळ घर हवंय. आणि अर्ज स्क्रीनरीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, भरता आला पाहिजे. तो भरायला मला दुसऱ्याकडे जावं लागलं तर माझी सगळी माहिती आधी त्याच्याकडे जाते.

अबोली

आणि जो राहणार आहे त्याला विचारा. माझ्या मुलाच्या वतीने सगळे अर्ज मीच भरते. चित्रांचा सोपा अर्ज असेल तर तो स्वतः खुणा करेल. खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी हे तो नक्की सांगेल, त्याला बस बघायला आवडतात.

ऊनसावली

चित्रांचा अर्ज करायला तुमची मदत लागेल अबोलीताई. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय. विटामाती, जोत्याची पातळी आणि बाथरूमचा स्लॅब हे दोन मुद्दे रविवारच्या बैठकीत सर्वांत आधी घेतेय. दोन घरांमधल्या बुजवलेल्या दाराचं एक रेखाटन मिळालं तर आमच्या आर्किटेक्टना दाखवता येईल.

विटामाती

उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. प्लॉटचा उतार कुठल्या दिशेला आहे तेवढं कळवा, त्याशिवाय पातळीबद्दल काही सांगता येणार नाही.